खुर्ची पाहावी करून

दिवाळीच्या आधी आठ दिवस सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही आळीतून चालत जावे. पोरे कोपरापर्यंत चिखलात बुडालेली दिसतात. चार दगड, फुटक्या विटा, गोणपाट आणि पोतेभर लाल माती एवढ्या भांडवलावर एका अंगणात अजिंक्यतारा उभा राहत असतो, पलीकडच्या बोळात प्रतापगडाचे काम निघालेले असते, आणि बुरुज कुणाचा उंच यावरून दोन्ही सैन्यांत चकमकही उडालेली असते. माती किती भिजवायची, तट ढासळू नये म्हणून आत काय भरायचे, अळीव कधी पेरले म्हणजे वसुबारसेपर्यंत गडावर हिरवळ येते, हे त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलेले नसते. मोठ्या पोराचे हात पाहून लहान पोराचे हात शिकलेले असतात.

मग ते पोर नववीत जाते. बाप म्हणतो, "पुरे झाले आता मातीत हात घालणे. हात धू आणि अभ्यासाला बस." पोर गुणी असते. ते हात धुते. आणि वाचकहो, ते हात पुढे जन्मभर धुतलेलेच राहतात.

हल्ली तर नववीपर्यंतही थांबावे लागत नाही. प्लास्टरचे तयार गड बाजारात मिळतात. पिशवीतून आणायचा, अंगणात ठेवायचा, वर मावळे मांडायचे, फोटो काढायचा की दिवाळी साजरी. शिवाजीमहाराजांनी राजगड बाजारातून आणला नव्हता, एवढे तरी त्या पोराला कळायला नको का?

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. म्हणजे ज्यांना रागवायचे आहे त्यांना शेवटच्या पानापर्यंत ताटकळावे लागणार नाही. ज्या घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांना बसायची एक साधी लाकडी खुर्ची आपल्या हाताने करता येत नाही, आणि येत नाही याचे काही वाटतही नाही, ते घर शिकलेले आहे असे मी मानायला तयार नाही. घरात पदव्या किती टांगल्या आहेत, हे मी विचारत नाही.

'खुर्ची' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारशीतून आला. त्याचे आपण काय करून ठेवले पाहा. खुर्ची मिळते, खुर्ची टिकते, खुर्ची जाते. खुर्चीला माणसे चिकटतात, एकमेकांच्या खुर्च्या ओढतात, खुर्चीसाठी पक्ष बदलतात. मिळवणे, टिकवणे, ओढणे अशी सगळी क्रियापदे आपण तिला जोडली. 'करणे' हे एकच क्रियापद मात्र आपल्या तोंडी येत नाही. खुर्ची कोणीतरी केलेली असते, हे आपण साफ विसरून गेलो आहोत.

यात मी स्वतःला वगळत नाही. उलट माझ्या एका जुन्या लाजेपासूनच सुरुवात करतो.

माझे वडील साताऱ्याला हायस्कुलात गणित शिकवीत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पाटण तालुक्यातले माझे आजोळचे घर पडले. माणसे वाचली, घराचे मात्र माती आणि लाकूड असे दोन ढीग झाले. त्यातली एक सागवानी तुळई मामांनी साताऱ्याला पाठवून दिली. सोबत निरोप होता, "दाजी, जळणाला होईल." वडिलांनी ती जाळली नाही. 1968 च्या मे महिन्याच्या सुटीत त्यांनी ओळखीच्या एका सुतारमिस्त्रींकडून करवत, रंधा, गुण्या आणि दोन पटाश्या मागून आणल्या, तुळई वखारीत चिरून घेतली आणि भर अंगणात खुर्ची करायला बसले.

पहिल्या दिवशी आळी पाहायला जमली. दुसऱ्या दिवशी बोलायला लागली. "मास्तर, पगार पुरेना का?" "मास्तर, गणित सोडून सुतारकी धरली वाटतं!" शाळेतल्या एका सहकाऱ्याने तर आईला बाजूला घेऊन विचारले, "वहिनी, मास्तरांची प्रकृती बरी आहे ना?" वडील ओसरीवर पत्ते कुटत बसले असते, तर आळीने त्यांची इतकी काळजी केली नसती.

आणि मी? मी दहा वर्षांचा होतो. मित्र आले, की वडिलांना काहीतरी निमित्त काढून आत बोलाव, असे मी आईला सांगत असे. अंगभर भुसा उडालेला, धोतराचा काचा मारलेला, कपाळाचा घाम मनगटाने पुसणारा बाप मित्रांना दिसू नये असे मला वाटे. तोच बाप खडूच्या धुळीत माखून घरी येई तेव्हा माझी मान ताठ होई. खडूची धूळ मानाची आणि लाकडाचा भुसा अपमानाचा, हा फरक दहा वर्षांच्या पोराला कोणी शिकवला? कोणी शिकवावा लागला नाही. तो हवेतच होता.

पुढे बँकेच्या नोकरीने मला सांगलीला आणले. आईने ती खुर्ची सामानाबरोबर धाडून दिली, आणि गावभागातल्या आमच्या घराच्या ओसरीवर तिची स्थापना झाली. तिचा मला अभिमान होता असे खोटे सांगणार नाही. आतल्या खोलीसाठी मी हप्त्यांवर एक झकपक संच घेतला होता. पाहुणे आत बसत. ओसरीवरच्या खुर्चीत पेपरवाला पेपर टाकी आणि मांजर झोपे.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णामाई घरात आली. सांगलीत आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी 57 फुटांवर गेले. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो. पाणी ओसरल्यावर परत आलो, तेव्हा तो झकपक संच बिस्किटासारखा फुगला होता. भुसा आणि चिपा चिकट रसायनात दाबून बनवलेल्या फळ्या त्या. एकदा पाणी प्यायल्यावर त्यांच्यात स्क्रू धरायचा जीव राहत नाही. हात लावला की कडा गळून पडत. शेवटचे दोन हप्ते अजून फिटायचे होते. त्या दिवसांत सांगलीच्या रस्त्यारस्त्यावर असे फुगलेले संसार ढिगांनी पडले होते, आणि त्या ढिगांकडे पाहून मोठमोठ्यांच्या डोळ्यांना पाणी येत होते.

ओसरीवरची खुर्ची कोपऱ्यात उलटी अडकून पडलेली सापडली. गाळ धुतला, सावलीत महिनाभर वाळवली. मागच्या एका पायाचा सांधा ढिला झाला होता. तो सोडवून, साफ करून, सरस लावून पुन्हा बसवला. हा मजकूर मी तिच्यातच बसून लिहितो आहे.

यावरून 'जुने ते सोने' असा धडा कोणी काढू नये. त्या पुरात जुन्याही पुष्कळ वस्तू गेल्या. वडिलांची कारागिरीही फार थोर नव्हती. खुर्चीचा डावा हात उजव्यापेक्षा तीन सूत खाली आहे, आणि गणिताच्या मास्तरांनी तो तसाच का राहू दिला हे कोडे मला अजून सुटलेले नाही. खुर्ची टिकली, कारण लाकूड खरे होते आणि सांधे नुसत्या खिळ्यांच्या भरवशावर नव्हते. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या भोकात नेमके बसवलेले होते. तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. ती कशी जोडली आहे हे घरात माहीत होते. जी वस्तू कशी झाली हे आपण पाहिलेले असते, ती मोडली तर दुरुस्त करता येते. जी नुसतीच डब्यातून बाहेर आलेली असते, ती मोडली की रस्त्यावर जाते.

आता त्या लाजेकडे वळू. ती आली कुठून?

आपल्या गावगाड्यात सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर त्याचा, पाभर त्याची, गाडीचे चाक त्याचे, बाळाचा पाळणा आणि देवाचा देव्हाराही त्याचाच. सुगी झाली की खळ्यावरून त्याचे बलुते धान्याच्या रूपाने घरी जाई. पण असा हा माणूस वाड्यावर कामाला आला, तर बसे कोठे? अंगणात, जमिनीवर. त्यानेच घडवलेल्या आसनाकडे बोट दाखवून 'बसा' म्हणणारी घरे मोजकीच. हाताने काम करणारा खाली, हिशेब लिहिणारा वर, आणि काहीच न करणारा सर्वांत वर लोडाला टेकून, अशी आपली उतरंड. बलुते गेले, 1950 मध्ये संविधान आले, कायद्याच्या दृष्टीने सगळे एका सपाटीवर आले. परंतु 'सुतारकी' हा शब्द उच्चारताना जे नाक मुरडते ते अजून जागेवरच आहे. पोराला 'हात धू' म्हणणारा बाप स्वच्छतेचा पाठ देत नसतो. तू कोणत्या पायरीवरचा आहेस, याची आठवण तो करून देत असतो.

आणि ही गोष्ट कोणत्या मुलखात चालते? ज्या मुलखाने हाताच्या मोठेपणाचे एकाहून एक दाखले दिले, त्याच मुलखात!

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणारे पांढरपेशे गृहस्थ. नोकरी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा शहाण्यांनी काय म्हटले असेल याची कल्पना आपण करू शकतो. 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनाजवळ जागा दिली. निवडुंग आणि सापांनी भरलेला माळ होता तो. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर घडू लागले. आता एक गंमत सांगतो. लोखंडाचा भाग ओतायचा, तर वाळूत त्याचा ठसा उठवावा लागतो, आणि तो ठसा उठवायला आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो. म्हणजे लोखंडी नांगराच्याही आधी सुतार असतोच!

कर्मवीर भाऊराव पाटील ओगल्यांच्या कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले होते. 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. वसतिगृहात सगळ्या जातींची पोरे एका पंक्तीला जेवत आणि एका शेतात राबत. 'कमवा आणि शिका' ही नुसती फीची सोय नव्हती. जेवणाची पंक्ती एक करणे जेवढे अवघड, तेवढेच कामाची पंक्ती एक करणेही अवघड, हे कर्मवीरांनी ओळखले होते. त्यांच्या नावाने आपण पुतळे उभारले. कामाची पंक्ती मात्र आपण पुन्हा मोडली.

मिरजेचे उदाहरण तर सर्वांत गोड. तिथली शिकलगार मंडळी मूळची हत्यारांना धार लावणारी. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा त्यांच्यातल्या कारागिरांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतले, आणि ज्या हातांनी पाते चमकवले त्याच हातांनी सतार आणि तंबोरा घडवला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपण मैफलीत बसून 'वाहवा' म्हणतो ती गवयाला. समोरचा तंबोरा ज्याने जुळवून दिला त्याचे नाव विचारायचे आपल्याला सुचत नाही.

कोणी म्हणेल, हे काम शाळांचे आहे. खरे आहे, आणि शाळांना ते सांगून झाले आहे. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना देशापुढे ठेवली. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभव' हा विषय सुचवला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्या कारागिरांकडे जाऊन शिकावे, असे चक्क लिहिले आहे. दर पिढीला एकदा ही गोष्ट कागदावर लिहिली जाते. घरात काय होते ते आपण सारे जाणतो. उद्या पुठ्ठ्याचे घर करून न्यायचे, हे चिरंजीवांना रात्री साडेनऊला आठवते. घर आई करते, रात्री बारापर्यंत जागून. सकाळी चिरंजीव ते घेऊन जातात. गुण मुलाला मिळतात आणि कार्यानुभव आईला!

म्हणून मी शाळेच्या दारात जात नाही. तुमच्या ओसरीवर येतो आणि म्हणतो, खुर्ची करा.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप मोठा कळवळ्याचा असतो. घरोघरी लोक खुर्च्या करू लागले, तर सुताराने खायचे काय? हा प्रश्न मी एकदा घरात मोठ्याने विचारला, तेव्हा आमच्या सौभाग्यवती चकलीचा सोऱ्या फिरवत होत्या. म्हणाल्या, "मी इतकी वर्षं चकली घरी करतेय, म्हणून गावातला हलवाई उपाशी मेला का? उलट चकली करणारीलाच हलवायाची चकली चांगली की वाईट ते कळतं." यावर मला बोलायला काही उरले नाही, तुम्हालाही उरू नये. ज्याने एकदा फळीवर रंधा चालवला आहे, तो सुताराच्या मजुरीत घासाघीस करत नाही. घासाघीस करतो तो, ज्याला वाटते की 'त्यात काय आहे, चार लाकडे तर जोडायची!'

दुसरा आक्षेप पैशाचा. एका साच्यातून एका दमात निघणारी प्लास्टिकची खुर्ची स्वस्त पडते. पडते ना! फ्रान्समध्ये आंरी मासोने याने 1972 च्या सुमारास अशी एकसंध खुर्ची बाजारात आणली, आणि पुढे तसल्या खुर्च्यांनी सारे जग व्यापले. माझे तिच्याशी भांडण नाही. लग्नाला, सभेला, पंक्तीला तीच हवी. दोनशे माणसांसाठी खुर्च्या करत बसा असे कोण म्हणेल? पण तिचा पाय मोडला, की तिला ना सुतार जोडू शकतो ना लोहार. ती ओढ्यात जाते, आणि ओढ्यातून कृष्णेत.

तिसरा आक्षेप झाडांचा. त्यालाही उत्तर आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत जुने वाडे पाडले जात आहेत. त्यांच्या तुळया, खांब, दारांच्या चौकटी वखारीत येऊन पडतात. पन्नास-शंभर वर्षे मुरलेले ते सागवान. त्याला आणखी वाळायचे राहिलेले नसते. नवे झाड तोडायची गरज नाही. जे चुलीत जाणार आहे ते वाचवायचे आहे.

आणि वेळ? वेळेबद्दल मी काही लिहीत नाही. आपल्या हातातल्या फोनने आज आपला किती वेळ खाल्ला, ते तो फोनच सांगतो.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी हे करून पाहिले. वयाची पासष्टी उलटल्यावर, आणि आठवीत गेलेल्या नातीला बरोबर घेऊन. नातूही होता, पण त्याला उन्हाळी वर्ग होते. आणि खरे सांगायचे तर करवत मुलीच्या हाती का द्यायची, असा प्रश्न ज्या घरात निघतो तिथेच ती आधी द्यावी, असे माझे मत झाले आहे. वखारीतून जुन्या चौकटीचे सागवान आणले. शेजारच्या गल्लीतल्या वयस्क मिस्त्रींना गाठले. त्यांना वाटले, खुर्ची करून हवी आहे. "करून नको, शिकवा," म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिले, ते 1968 साली आमची आळी वडिलांकडे पाहत होती तसेच! पण शिकवले. शिकवण्याची मजुरी काय घ्यायची हे त्यांना कळेना; मी ती एका दिवसाच्या कामाच्या हिशेबानेच दिली.

ज्यांना करायची आहे त्यांच्यासाठी मापे देतो. बैठक पुढच्या बाजूला जमिनीपासून सोळा इंच उंच, मागे दीड इंच उतरती. रुंदी वीस इंच, खोली अठरा. हात बैठकीपासून साडेआठ इंच वर. पाठ सरळ ठेवू नका. सरळ पाठीच्या खुर्चीत मुलाखत देता येते, विसावा घेता येत नाही. ती थोडी मागे कललेली हवी. बैठकीच्या पट्ट्यांमध्ये दोन-दोन सुतांची फट ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी साचणार नाही. अंगणातल्या खुर्चीला लोखंडी खिळे मारू नका. ते गंजतात आणि सागवानाला काळे डाग पाडतात. पितळेचे किंवा न गंजणारे स्क्रू घ्या. पायांची टोके सर्वांत जास्त पाणी पितात, म्हणून त्यांना आधी जवसाचे तेल पोटभर पाजा. आणि पटाशी चालवताना दुसरा हात तिच्या पुढे कधीही आणू नका. एवढे सांभाळले की पुढचे लाकूड सांगते.

लाकूड सांगते हे मी अलंकारिक बोलत नाही. पहिल्याच दिवशी माझा रंधा अडखळत होता, फळीची सालपटे निघत होती. मी जोर वाढवला. मिस्त्री म्हणाले, "जोर नगं लावू काका. लाकूड ऐकतंय की, पण त्येच्या नसीनं जायला पायजे. फळी फिरवा." फळी फिरवली आणि रंधा लोण्यातून जावा तसा गेला, पातळ ढलप्यांची वेटोळी पायाशी पडू लागली. पस्तीस वर्षे मी बँकेत कागदांवर सह्या केल्या. एकाही कागदाने मला 'तू उलटा चालला आहेस' असे सांगितले नव्हते. कागदावरची चूक वरिष्ठ काढतो आणि माणूस वरिष्ठाशी वाद घालतो. लाकडावरची चूक लाकूडच दाखवते. त्याच्याशी वाद घालता येत नाही.

नातीला सूत म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. शाळेत तिने अपूर्णांकांची पानेच्या पाने सोडवली होती. पण पाच सूत आणि सहा सूत यांत कुसू बसते की हलते एवढा फरक असतो, हे कळल्यावर ती म्हणाली, "आजोबा, म्हणजे अपूर्णांक खरे असतात!" माझ्या गणितज्ञ वडिलांचा आत्मा त्या क्षणी कुठे असेल तिथे सुखावला असेल.

खुर्ची उभी राहिली आणि डुगडुगू लागली. एक पाय उंच होता. मी तो कापला. दुसरा उंच झाला. तोही कापला. तिसऱ्याला हात घालणार तोच मिस्त्रींनी करवत काढून घेतली. "आसंच कापत बसलासा तर पाट हुईल हेचा." मग त्यांनी खुर्ची सपाट फरशीवर ठेवली, चारी पायांभोवती एकाच उंचीवर पेन्सिलीची रेघ फिरवली आणि रेघेवर कापायला सांगितले. आमची खुर्ची ठरल्यापेक्षा पाऊण इंच बुटकी आहे. ते पाऊण इंच माझ्या अहंकाराचे होते, असे मी समजतो.

बाहेरच्या जगात असे उद्योग करणारे थोडे नाहीत. अमेरिकेत 1903 मध्ये टॉमस ली नावाच्या गृहस्थाने आपल्या उन्हाळी घराच्या अंगणासाठी फळ्यांची एक ऐसपैस खुर्ची केली, घरच्या माणसांना तिच्यात बसवून बसवून तिची बैठक ठरवली. आज ती 'ॲडिरॉन्डॅक खुर्ची' म्हणून जगभर ओळखली जाते. तिचे पेटंट मात्र 1905 मध्ये त्याच्या सुतार मित्राने, हॅरी बनेल याने घेतले. इटलीत एन्झो मारी या नामांकित रचनाकाराने 1974 मध्ये घरच्या घरी फळ्या आणि खिळे घेऊन करता येतील अशा खुर्च्या-टेबलांचे आराखडे लोकांना खुले करून दिले. त्याचे म्हणणे एवढेच, की स्वतः एकदा करून पाहिलेल्या माणसाला चांगली वस्तू आणि वाईट वस्तू यांतला फरक कळू लागतो. आमच्या सौभाग्यवती चकलीवरून जे म्हणाल्या, तेच!

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी मी मिस्त्रींना फराळाला बोलावले. नवे धोतर नेसून, डोक्याला टोपी घालून ते आले. ओसरीवर दोन खुर्च्या मांडल्या होत्या, वडिलांची आणि आमची. मिस्त्रींनी आधी दोन्ही उलट्या करून सांधे पाहिले. वडिलांच्या खुर्चीच्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मास्तरांचा हात बरा व्हता." त्यानंतर ते सवयीने ओसरीच्या पायरीवर बसले.

मी "बसा, वर बसा" म्हटले. "ऱ्हाऊ द्या की, हितं बरं हाय," ते म्हणाले. मी पुन्हा म्हटले, सौभाग्यवतींनी म्हटले. ते हसले, पण हलले नाहीत. अखेर नात पुढे झाली. "मिस्त्रीकाका, माझ्या खुर्चीत बसा ना. तुम्ही बसल्याशिवाय ती पक्की झाली की नाही ते मला कसं कळणार?" तेव्हा ते उठले. कारागिराला कामाचे निमित्त दिले, म्हणून उठले. खुर्चीत बसले, दोन्ही हातांवर भार दिला, मागे रेलले आणि म्हणाले, "डुगडुगत न्हाई."

साठ-सत्तर वर्षे ज्याने गावाच्या खुर्च्या केल्या, त्या माणसाला खुर्चीत बसवायला तीनदा आग्रह करावा लागतो. हे त्याच्या नम्रतेचे लक्षण आहे, असे समजून ज्यांना समाधान वाटते त्यांना वाटो. मला त्यात आपल्या सगळ्यांचा हिशेब दिसतो, आणि तो हिशेब आपल्याकडे बाकी आहे.

तेव्हा या दिवाळीत पोरांना मातीत हात घालू द्या. भाऊबीज झाली, गड मोडायची वेळ आली, की 'हात धू' म्हणायच्या आधी क्षणभर थांबा. एखाद्या रविवारी पोराला आणि पोरीला घेऊन वखारीत जा. मिस्त्रींना गाठा, त्यांची मजुरी न बोलता द्या, आणि एक खुर्ची करा. वाकडी होईल, होऊ द्या. एक हात खाली राहील, राहू द्या. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांच्या यादीत मी एवढीच एक ओळ वाढवतो. आणि खुर्ची झाली, की तिच्यात पहिल्यांदा कोणी बसायचे, ते मी वर सांगितलेच आहे.